कोड कुठे मिळेल, ते टॅबवरच लिहा

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

स.न.वि.वि.

चोपड्यात माझं संगणक-मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. शाळांना सरकारी योजनेतून मिळालेले टॅब शिक्षक माझ्याकडे आणतात. चार्जिंगची पिन सैल, काच तडकलेली, असली कामं रोजची. पण सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या गुरुजींची अडचण वेगळी होती. अभ्यासाच्या अ‍ॅपमध्ये ‘तिसऱ्या’ हा शब्द ‘तिसर्या’ असा उमटतो आणि पोरं तो तसाच वहीत उतरवतात. शिवाय बटणांवरची नावं त्यांना पावरी बोलीत हवी होती, कारण पहिलीतल्या पोरांच्या घरी मराठी बोललीच जात नाही. शब्दांची यादी त्यांनी लिहूनच आणली होती. पहिलं काम बहुधा फॉन्टची फाइल बदलण्याइतकं, दुसरं संध्याकाळभराचं. दोन्हींना सोर्स कोड, म्हणजे अ‍ॅप ज्यातून तयार होतं तो मूळ लिहिलेला मजकूर, लागतो.

तो मागण्याचा हक्क आम्हाला आहे. हे अ‍ॅप ज्या प्रोग्रॅमवर उभं आहे, तो जीपीएल परवान्याखालचा आहे, असं त्या टॅबमध्येच लिहिलेलं आहे; आणि प्रोग्रॅम देणाऱ्याने त्याचा कोडही द्यावा, असं हा परवाना सांगतो. कुठे? सेटिंग उघडा, ‘टॅबलेटविषयी’मध्ये जा, तिथून कायदेशीर माहिती, मग ओपन सोर्स परवाने. पुढे बारीक इंग्रजीत परवान्यांचा मजकूर, बोट दुखेपर्यंत सरकवत राहा, संपत नाही. कोडचा पत्ता मात्र त्यात कुठेच नाही. पुरवठादाराला मेल केला, तो परत आला. हेल्पलाइनवरच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, ‘सर, टॅब रिस्टार्ट करून पाहिला का?’

जीपीएलची 1991 ची दुसरी आवृत्ती सांगते की, प्रोग्रॅमसोबत कोड द्या, नाहीतर मागेल त्या कोणालाही तो प्रत काढण्याच्या खर्चात देऊ, असं किमान तीन वर्षांचं लेखी आश्वासन द्या. 2007 च्या तिसऱ्या आवृत्तीत इंटरनेटचाही विचार आहे: प्रोग्रॅम जिथून उतरवून घेता येतो, त्याच्या शेजारीच कोड कुठे आहे ते स्पष्ट सांगायचं. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश किती, ते छापलेलंच असतं. रावेरच्या केळीवाल्याला त्यासाठी कंपनीला अर्ज करावा लागत नाही. इथेही तेवढंच अपेक्षित आहे.

यावर पुरवठादारांचं ठरलेलं उत्तर असतं: ‘मूळ प्रकल्पाच्या साइटवर कोड आहे की, घ्या तिथून.’ मंत्रिमहोदय, हे उत्तर कृपया मान्य करू नका. मूळ प्रकल्पाचा कोड आणि आमच्या टॅबमधला कोड एकच नसतो. अँड्रॉइडच्या पोटातलं लिनक्स कर्नल, म्हणजे यंत्र चालवणारा गाभा, जीपीएलच्या याच दुसऱ्या आवृत्तीखाली येतं, पण प्रत्येक कंपनी आपल्या चिपसाठी, आपल्या टचस्क्रीनसाठी त्यात बदल करते. ते बदल नसलेला कोड घेऊन मी बसलो, तर टॅब चालूही होणार नाही. म्हणून परवाना नुसता कोड म्हणून थांबत नाही. प्रोग्रॅम बांधायला, म्हणजे कोडवरून चालता प्रोग्रॅम तयार करायला, आणि बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्टसुद्धा द्यायला सांगतो. हातात आहे त्याच आवृत्तीचा, सगळा, बांधता येईल असा कोड हवा. बाकी सगळी टोलवाटोलवी.

केंद्राने 2015 मध्ये ओपन सोर्स, म्हणजे कोड खुला असलेले प्रोग्रॅम, वापरण्याचं धोरण आणलं, आणि सरकारी अ‍ॅप्सचा कोड खुला करण्याचंही. आरोग्य सेतू 2020 च्या एप्रिलमध्ये आलं आणि मे संपता संपता त्याच्या अँड्रॉइड अ‍ॅपचा कोड लोकांसमोर ठेवला गेला. म्हणजे मनात आलं तर होतं.

तेव्हा पुढच्या टॅब खरेदीच्या निविदेत एक अट घाला. अ‍ॅपच्या ‘माहिती’ पानावर पहिल्याच ओळीत, मराठीत, आवृत्ती क्रमांकासह ‘या आवृत्तीचा कोड इथे मिळेल’ असं लिहिलेलं असावं. त्यावर बोट ठेवलं की लॉगिन न मागता कोड मिळावा. डोंगरात रेंज नसते, म्हणून त्याची एक प्रत तालुक्याच्या गटसाधन केंद्रात पेनड्राइव्हवर असू द्या. कंपनी उद्या बंद पडली तरी ती राहील. आणि बिलाचा शेवटचा हप्ता सोडण्याआधी त्या कोडवरून अ‍ॅप बांधून पाहायला सांगा, तेही कंपनीबाहेरच्या माणसाला. या शेवटच्या कलमाशिवाय बाकीची कलमं कागदावरच राहतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

‘सुरक्षेचं काय?’ असं कोणी विचारेल. पासवर्ड आणि मुलांची माहिती कोडमध्ये नसतेच, नसावीच. असेल, तर तो प्रश्न अधिक गंभीर आहे आणि तो आधी सोडवायला हवा.

बांधून पाहायला माणूस कुठून आणायचा, अशी अडचण आली तर जळगावच्या विद्यापीठात संगणकाची पोरं आहेत, आणि चोपड्यात मी आहे. एक टॅब आणि तो कोड पाठवा, आठवड्यात काय ते कळवतो.

आपला,
चोपड्यातील एक दुरुस्तीवाला