अकरावीचा अर्ज भरला, कागदपत्रे कॅफेतच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की सायबर कॅफेत आणि झेरॉक्सच्या दुकानांत मुलांची रांग लागते. अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश पूर्वी काही महानगरांपुरता होता. 2025 मध्ये तो राज्यभर लागू झाला आणि ही रांग तालुक्याच्या गावीही दिसू लागली. अर्ज भरून झाला, प्रिंट हातात पडली की मुलगी घरी जाते. तिची कागदपत्रे मात्र दुकानातल्या संगणकावर तशीच राहतात.

या कागदपत्रांत काय काय असते ते एकदा नीट पाहायला हवे. गुणपत्रिकेवर आईचे नाव आणि बैठक क्रमांक, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख, आधारवर पत्ता. शिवाय जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला. शिष्यवृत्तीचा अर्ज असेल तर बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. सगळ्यांत धोक्याची असते ती फोटोची आणि सहीची सुटी फाइल, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीवरची स्वच्छ सही कोणत्याही अर्जावर चिकटवता येते. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. त्याच फोल्डरमध्ये शाळेचा दाखला पडलेला असेल, तर त्या कुलपाची किल्ली शेजारीच ठेवल्यासारखे होते.

‘काका, डिलीट करा ना’ असे सांगणारी मुले असतात, त्यांचे कौतुकच. पण डिलीट केलेली फाइल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. शिफ्ट दाबून डिलीट केली तरी जुन्या हार्ड डिस्कवर फक्त तिची नोंद पुसली जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच राहतो आणि मोफत मिळणाऱ्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत काढता येतो. एसएसडीवर, म्हणजे नव्या संगणकांतल्या चिपवर चालणाऱ्या डिस्कवर, ही शक्यता बरीच कमी असते, पण अनेक दुकानांतले संगणक जुनेच असतात. शिवाय फाइलची एकच प्रत क्वचित असते. एक प्रत ‘डाउनलोड्स’मध्ये, एक ‘स्कॅन्ड डॉक्युमेंट्स’मध्ये, तर आकार कमी करताना झालेली तिसरी डेस्कटॉपवर. ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी इतिहास ठेवत नाही, पण उतरवलेली फाइल डिस्कवरच राहते. बिघडलेल्या प्रिंट रद्दीत जातात, ते वेगळेच.

याहून वाईट दोन सवयी आहेत. पहिली, कागदपत्रे दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवण्याची. ती त्याच्या फोनच्या गॅलरीत उतरतात, तिथून क्लाउड बॅकअपला जातात आणि संगणकाला जोडलेल्या व्हॉट्सॲपमधूनही उघडतात. पाठवणाऱ्याने नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केले तरी आधीच उतरवून घेतलेली प्रत जात नाही. दुसरी सवय, फाइल ठरावीक केबीत बसवण्यासाठी ती एखाद्या फुकट संकेतस्थळावर टाकून लहान करून घेण्याची. तेव्हा आधार आणि जातीचा दाखला कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर जातो. फोटो आणि सही लहान करायला विंडोजमधला साधा पेंट पुरतो. ‘रिसाइझ’मध्ये पिक्सेल कमी करायचे, जेपीजीमध्ये सेव्ह करायचे, इंटरनेट लागतच नाही.

आता मोबाइल क्रमांकाबद्दल, कारण प्रत्यक्ष नुकसान इथेच होते. घाईत नोंदणीला दुकानदाराचाच क्रमांक आणि ई-मेल टाकला जातो, आणि पासवर्ड सगळ्या मुलांना एकाच साच्याचा मिळतो. मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्डही त्याच्याकडे. अर्जाच्या दुसऱ्या भागातला महाविद्यालयांचा पसंतीक्रम त्याला कधीही उघडून बदलता येतो. त्याने तो मुद्दाम बदलला नाही, तरी प्रवेशफेरीचा संदेश ज्याच्या फोनवर जायला हवा त्याच्या फोनवर जात नाही आणि मुदत टळते. क्रमांक घरचाच द्यावा. पासवर्ड विद्यार्थ्याने स्वतः टाइप करावा, किमान 12 अक्षरांचा, त्यात नाव किंवा जन्मसाल नको. ब्राउझरने ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ असे विचारले की ‘नेव्हर’ दाबावे. क्रोममध्ये प्रोफाइलच्या चिन्हावरून ‘गेस्ट’ खिडकी उघडून काम केले तर ती बंद करताच कुकीज आणि लॉगिन जातात. आपले व्हॉट्सॲप तिथे उघडले असेल, तर निघण्यापूर्वी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ते तोडावे. आधारचा पूर्ण क्रमांक सक्तीचा नसेल तिथे मास्क्ड आधार द्यावे. त्यावर शेवटचे चारच अंक दिसतात आणि ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून मोफत मिळते.

कायदा काय म्हणतो? 2011 च्या सायबर कॅफे नियमांचा भर नोंदी ठेवण्यावर आहे: ग्राहकाची ओळख आणि वापराची नोंद किमान एक वर्ष जपायची. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये आला. उद्देश संपला की डेटा पुसण्याचे कर्तव्य त्यात आहे. 18 वर्षांखालील व्यक्तीला तो बालक मानतो आणि तिच्या डेटासाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. म्हणजे अकरावीला प्रवेश घेणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी त्यात येतो. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि त्यांतील बहुतेक कर्तव्ये 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. तोवर आणखी एक प्रवेशहंगाम जाईल, त्याची वाट पाहत बसणे आम्हाला पटत नाही.

अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात सायबर कायदा आहे. पण तो शिकण्याआधीच विद्यार्थी आपली सगळी ओळख दुसऱ्याच्या संगणकावर सोडून आलेला असतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने आपली संगणक प्रयोगशाळा अर्ज भरण्यासाठी मोफत उघडावी. पाच-सहा संगणक, एक स्कॅनर आणि एक शिक्षक पुरतो. विद्यार्थ्यांसाठी विंडोजचे वेगळे खाते करावे, त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नयेत, आणि रोज संध्याकाळी ते खाते फाइलींसकट काढून टाकावे. हार्ड डिस्क असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘सायफर’ ही आज्ञा ‘डब्ल्यू’ पर्यायासह चालवावी. त्यामुळे डिस्कची रिकामी जागा आधी शून्यांनी, मग एकांनी आणि शेवटी यादृच्छिक आकड्यांनी भरली जाते. याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून जावे. एसएसडी असेल तर ही आज्ञा नको, तिने नुसती झीज होते.

ज्यांचे अर्ज आधीच बाहेर भरून झाले आहेत, त्यांनी आजच पासवर्ड बदलावा आणि नोंदणीत कोणाचा क्रमांक आहे ते तपासावे. आपले आधार गेल्या सहा महिन्यांत कुठे पडताळले गेले ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर पाहता येते. खात्यातून पैसे गेले तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

आपले,
कनिष्ठ महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शिकवणारे शिक्षक,
जि. सातारा