१ मेच्या आत कॉलेज ठरवताना : बारावीच्या पालकांसाठी

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांना होकार कळवायची शेवटची तारीख १ मे आहे. डिपॉझिट भरण्याआधी स्कॉलरशिपचं पत्र बारीक अक्षरांसकट वाचा.

रक्कम एका वर्षाची की चार वर्षांची? टिकवायला जीपीए (सरासरी गुणांक, बहुधा ४ पैकी) किती लागतो? अलाबामा विद्यापीठात ३.० लागतो. इंजिनिअरिंगचं पहिलं सेमिस्टर भल्याभल्यांना घाम फोडतं, तेव्हा ही अट हलक्यात घेऊ नका. राहण्या-जेवणासाठी वापरलेल्या स्कॉलरशिपवर करही लागतो.

ऑनर्स कॉलेजच्या (विद्यापीठातल्या हुशार मुलांसाठीच्या खास विभागाच्या) नुसत्या नावावर भाळू नका. अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या बॅरेट या ऑनर्स कॉलेजमध्ये वेगळी फी आहे, शिवाय थीसिस (प्रबंध) लिहावाच लागतो. मुलगी ते करणार आहे का, हे तिलाच विचारा. आपण परस्पर ठरवू नये. माझ्या मते खरा फायदा लहान वर्गांचा आणि आधी मिळणाऱ्या रजिस्ट्रेशनचा.

आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या नामांकित विद्यापीठांत) मेरिट स्कॉलरशिप, म्हणजे गुणवत्तेवर मिळणारी, नसते, त्यामुळे तिथे घासाघीस करताना गुणांचा दाखला चालत नाही. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बीवर काम करणाऱ्यांच्या) मुलांना केंद्र सरकारची (फेडरल) मदत मिळत नाही; त्यांच्या पालकांनी मेरिटचे पर्याय आधी पाहावेत.

आलेली पत्रं शेजारी ठेवून चार वर्षांचा निव्वळ खर्च मांडा. शंका ग्रुपवर विचारा, मात्र मुलांचे गुण इथे टाकू नका.