पार्सल माढ्याला कसं गेलं

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय लंबू,

"एका इनपुटला तीन आठवडे कशाला लागतात बे?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. आता गड्डा यात्रेची गर्दी ओसरलीय, घे ऐक.

काकांच्या चादरीच्या दुकानात ऑर्डर लिहिताना गावाची दोन अक्षरं टाइप केली की खाली यादी यावी, एवढंच काम. पहिल्यांदा मी सगळं एकातच कोंबलं: अक्षरं वाचणं, सर्व्हरकडून गावं आणणं, यादी दाखवणं. चाललंही. मग काका म्हणाले, "हेच गिऱ्हाइकांच्या नावांना पण लाव की." ती नावं सर्व्हरवर नाहीतच, काउंटरच्या मशीनवर आहेत. झालं, सगळं उसवलं.

मग वेब कंपोनंट केला, म्हणजे कुठल्याही पेजवर वापरता येईल असा स्वतःचा टॅग. टॅगच्या नावात आडवी रेघ लागतेच, त्याशिवाय ब्राउझर तो स्वीकारत नाही. आता बॉक्सनं फक्त हाक मारायची. टाइप करणारा २५० मिलिसेकंद थांबला की बॉक्स एक इव्हेंट, म्हणजे हाक, सोडतो: 'मा' हवंय. कुठून आणायचं ते पेजनं बघावं आणि यादी बॉक्सच्या हातात द्यावी. कुणी निवडलं की दुसरा इव्हेंट. बास. बॉक्सला सर्व्हर म्हणजे काय हेच माहीत नाही.

पण हाक बाहेर ऐकूच येईना! अख्खा शनिवार गेला. मी इव्हेंट आतल्या इनपुटवरून सोडत होतो. 'बबल्स' (इव्हेंट वर चढू दे) होतं, 'कंपोज्ड' (कंपोनंटच्या बाहेरही जाऊ दे) नव्हतं, म्हणून तो शॅडो रूटच्या, म्हणजे कंपोनंटच्या झाकलेल्या आतल्या भागाच्या, उंबऱ्यापाशीच थांबायचा. गंमत म्हणजे टाइप करताना येणारा ब्राउझरचा स्वतःचा 'इनपुट' इव्हेंट आपोआप बाहेर येतो, बदल पक्का झाल्यावरचा 'चेंज' मात्र येत नाही. हे असं कुणी ठरवलं कोण जाणे.

यादीवर क्लिक केलं की काहीच न घडणं हा पुढचा ताप. क्लिकच्या आधी ब्लर येतो, म्हणजे बॉक्सवरचा फोकस जातो, आणि ब्लर झाला की मीच यादी लपवत होतो. माउसचं बटण दाबलं जातानाच (माउसडाउन) ब्राउझरची नेहमीची कृती अडवली (प्रिव्हेंट-डिफॉल्ट), सुटलं. 'माळ'चं उत्तर आल्यावर मागून 'मा'चं उत्तर येऊन यादी पालटायची. म्हणून आता प्रत्येक हाकेला नंबर आहे, शिळं उत्तर बॉक्स फेकून देतो.

खरा घोळ दिवाणजींनी दाखवला. आपल्या जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांपैकी चार 'म'चे: मंगळवेढा, मोहोळ, माढा, माळशिरस. दिवाणजी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवतात आणि शब्द पक्का करायला एंटर दाबतात. त्यांनी 'मा' लिहून एंटर दाबला, माझ्या कोडला वाटलं निवड झाली, आणि यादीत वर होता माढा. माळशिरसच्या सहा चादरी माढ्याला गेल्या. की दाबल्याच्या इव्हेंटमध्ये (कीडाउन) 'इज-कंपोझिंग', म्हणजे शब्द अजून जुळतोय, हे खरं असेल तर एंटरकडे दुर्लक्ष करायचं, एका ओळीचं काम! इंग्रजीतच तपासत बसलो होतो ना मी. काका काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

कोड पाठवतोय, फोनवर चालवून बघ, तिथला कीबोर्ड आणखी तऱ्हेवाईक असतो. सोबत आईनं शेंगाचटणी दिलीय, ती उद्या पार्सल करतो. पत्ता मी हातानंच लिहिलाय.

तुझा,
चष्म्या