आळीतली चार माणसं

अश्दोद, इस्रायल
रविवार

प्रिय आई, प्रिय बाबा,

सप्रेम शालोम.

बाबांना फोनवर आता नीट ऐकू येत नाही, आणि आई माझा आवाज ऐकला की रडायला लागते. म्हणून हे पत्र. अक्षर मोठं काढलंय, बाबांना भिंग घ्यावं लागू नये.

शुक्रवारी आपली प्रार्थना चालवणारे हझानकाका गेल्याची बातमी सांगून बाबा, तुम्ही म्हणालात, "यंदाचे हे चौथे." पुढे काहीच बोलला नाहीत. मी विचारलं, "दहा पुरुष जमले होते का? दहाशिवाय आपली यहुद्यांची प्रार्थना होत नाही ना." तर म्हणालात, आपले आठ होते, दोघं ठाण्याहून येईपर्यंत दुपारचे तीन वाजले. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणजे वडखळवरून सगळा रस्ता. तोवर काका वाट पाहत राहिले. आयुष्यभर दर शुक्रवारी दहाव्या माणसाची वाट पाहिलेला माणूस, त्या दिवशीही तेच करत होता. हे मनातून जात नाही.

मला काका आठवतात ते फाटकाशी उभे असलेले. कोर्टातली कारकुनी संपवून घरी जायचं, आंघोळ करायची, पांढरा सदरा घालायचा आणि मशिदीच्या फाटकाला टेकून आळीकडे बघत राहायचं. (आपल्या प्रार्थनाघराला, सिनेगॉगला, मी अजून मशीदच म्हणते, आजीसारखं. माझी मुलं दचकतात.) नऊ माणसं जमली की दहाव्यासाठी आम्हा पोरांना पिटाळायचे, "जा, तेली आजोबांना म्हणावं, चहा नंतर." कुणी उशिरा आलं म्हणून रागावलेले मी त्यांना पाहिलं नाही. घड्याळ बघायचे आणि पुस्तक उघडायचे.

दादाला तेरा पूर्ण झाली, तो दहात धरण्याच्या वयाचा झाला, तेव्हा त्यांनी आळीभर पेढे वाटले होते, आठवतं? तुम्ही वाटायच्या आधीच वाटले. "आमचा दहावा आला," असं प्रत्येक दारात सांगत. शेजारच्या कोळीणमावशींना त्याचा अर्थ कळला नाही, तरी त्यांनी दादाच्या हातावर दहा रुपये ठेवले. नंतर दादा इकडे यायला निघाला, तेव्हा काका एस्टी स्टँडवर आले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्यानंतरच्या शुक्रवारी नऊच जण होते, हे बाबा, तुम्ही मला कितीतरी वर्षांनी सांगितलंत.

मीही निघून आले. बाई म्हणून मला त्या दहात कुणी धरलं नसतं, तरी त्या दहात धरता आले असते असे माझे दोन मुलगे इथे वाढले. हे मी काकांना कधी बोलू शकले नाही.

त्यांना मूल नाही. मागे राहिलेल्याने म्हणायची कद्दीशची प्रार्थना तुम्हीच म्हणताय, हे आईने सांगितलं. बाबा, कद्दीशमध्ये मरणाचा एक शब्दही नाही, सगळी देवाची स्तुती. हश्काब्यात, गेलेल्याच्या शांतीच्या प्रार्थनेत, माणसाचं नाव येतं, त्याच्या बापाचं नाव येतं, बस्स. पेढे कुठेच येत नाहीत. फाटकही येत नाही. म्हणून मी दोन दिवस बसून आठवते आहे.

तेली आजोबा गेले तेव्हा पेसाखचा सण होता, सणात शोक करत नाहीत, मला नीट रडताही आलं नाही. त्यांचा घाणा बंद पडला तेव्हा मी चौथीत असेन. पण पेंडीचा वास अजून नाकात आहे, आणि झापडं लावलेला तो बैल डोळ्यांसमोर आहे. शुक्रवारी दुपार कलली, शब्बाथचा विसावा जवळ आला की बैल आपणहून थांबतो, असं आजोबा सांगायचे. मला खोटं वाटायचं. मग एकदा मी मुद्दाम जाऊन बसले. उन्हं खाली आली, आणि तो खरंच थांबला. आजोबांनी जू उतरवलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि मला म्हणाले, "आम्हाला शनिवार तेली म्हणतात, ते ह्याच्यासुद्धा कानावर आलंय." कोकणात शेकडो वर्षं आपल्या बेने इस्रायलांना लोक ह्याच नावाने ओळखत आले. शाळेत कुणी मला तसं म्हटलं की मी रडत घरी यायचे. त्या दुपारनंतर नाही रडले.

मशिदीतल्या काचेच्या दिव्यांना तेल त्यांच्याकडूनच यायचं. घाणा बंद झाल्यावर ते दुकानातून विकत आणून देत राहिले, आणि बाटलीवरचा कागद काढून टाकत. असं का करायचे, बाबा? तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी?

मलिद्याच्या मावशीबद्दल आईला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कुणाचाही नवस असो, मलिद्याच्या गोड पोह्यांची परात तिच्यापुढे यायची. पोहे भिजवायचे नाहीत, धुऊन निथळायचे, नाहीतर लगदा होतो. खोबरं विळीवरच खवायचं. गूळ तिने कधी मोजला नाही. माझा इथला पहिला नोकरीचा कागद आला तेव्हा तिने न सांगता अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या, आपल्या प्रेषिताच्या, खडकावर जाऊन नवस फेडला होता, गुडघे दुखत असताना. मी इथे इंडियन दुकानातले पोहे आणून मलिदा करते, बरा होतो. तिच्या हातचा होत नाही, तो होणारही नाही. आई, तू तिच्याबरोबर चाळीस वर्षं परातीशी बसलीस. ती खवताना कोणतं गाणं म्हणायची? चाल आठवते, शब्द जात राहतात.

आणि नर्सआत्या. त्या आपल्या आळीतून साठच्या दशकात इकडे आल्या, म्हणून तुम्ही दोघं त्यांना फारसं ओळखत नाही. पण मी इथे आले तेव्हा पहिला महिना त्यांच्याच घरी राहिले. आत्या इथे आल्या त्या काळात इथल्या धर्मपीठाने आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली होती. आपण खरे यहुदी की नाही, हे विचारलं जात होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले. आत्या रात्रपाळी करून सकाळी तिथे जाऊन बसायच्या, डब्यात भाकरी घेऊन. त्याच वर्षी संसदेने आपल्याला पूर्ण यहुदी म्हणून मान्य केलं. आत्या मला म्हणाल्या होत्या, "मला कुणी मान्य करायची गरज नव्हती गं. नवगावला सात जोडपी किनाऱ्याला लागली, आपले पूर्वज, तेव्हाच ते झालं होतं."

त्यांच्या दफनाला मी गेले. कापडात गुंडाळून, पेटीशिवाय, अर्ध्या तासात सगळं आटोपलं. नातवंडांना मराठी येत नाही. थोरल्या नातीने मला बाजूला घेऊन विचारलं, आजी शेवटच्या दिवसांत "पाणी भरलं का" असं सारखं विचारत होती, ते काय? मी तिला आळीतला नळ सांगितला. पहाटे एक तास येणारं पाणी, रांगेत ठेवलेल्या कळश्या. ती मुलगी सगळं ऐकत उभी राहिली, मग म्हणाली, "हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

तेव्हापासून मला नवगाव आठवतंय. लहानपणी तुम्ही आम्हाला तिथे नेलं होतं. जहाज फुटलं, चौदा वाचले, बाकीचे बुडाले आणि वाहून आलेल्यांना तिथे पुरलं, ही गोष्ट आम्ही शंभरदा ऐकली. पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली, तोंडात फक्त शेमाची प्रार्थना उरली. मी विचारलं होतं, "त्या पुरलेल्यांची नावं काय?" बाबा, तुम्ही म्हणालात, "ती कुणालाच माहीत नाहीत." मला त्या वयात ते फार भयंकर वाटलं होतं, आजही वाटतं. आपल्या गोष्टीची सुरुवातच नावं हरवलेल्या माणसांपासून होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात आपण वीसेक हजार होतो, आता फार तर पाच हजार असू. आळीत किती दिवे लागतात ते तुम्हीच पाहता.

म्हणून एक मागणं आहे. मशिदीच्या तेलाच्या हिशेबाची ती लाल कापडी पुठ्ठ्याची वही, तिची मागची पानं कोरी आहेत. त्यात प्रत्येकाचं एक पान लिहा. कोण कुठल्या गावचं, काय करायचं, कशाला हसायचं, कुणाशी भांडायचं. भांडणंही लिहा, बाबा. हझानकाका आणि तेली आजोबा तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तरी शुक्रवारी एकमेकांना दहात धरत होते, हे मी ओझरतं ऐकलंय. ते नीट लिहा. हात दुखला तर आईला सांगा आणि तिने लिहावं. तिचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे.

नव्याच्या सणाच्या, आपल्या नववर्षाच्या, आधी मी येते आहे. तोवर मांडव्याची लाँच सुरू झालेली असेल, न्यायला कुणाला पाठवू नका. चिकाच्या हलव्याचे गहू मी आल्यावर भिजत घालू, आईने एकटीने वाटायचं नाही. काळ्या मनुका घेऊन ठेवा, किद्दुशच्या आशीर्वादाचा शरबत मी करीन.

दादाही येतोय. त्याने स्वतः तिकीट काढलंय, मी काही बोलले नव्हते. बाबा, सणाच्या आधीच्या शुक्रवारी माणसं मोजाल, तेव्हा त्याला धरा.

तुमची,
बाळी