सुगरणीवर नाही, केळीवर लिहिलंय

यावल

प्रिय नान्या,

पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. तब्येत ठीक, साखर काबूत, गुडघा आहे तसाच.

कारण असं की मी कविता केलीय. हसून घे आधी. सोनू नोकरीला पुण्याला गेली. भुसावळला महाराष्ट्र एक्स्प्रेस लागली तर बॅगेला हात लावू देईना. वर स्वतःचा खालचा बर्थ एका म्हातारीला देऊन मोकळी, आम्हाला विचारणं नाही! कळण्याच्या भाकरींचा पुडा मात्र हिने खिडकीतून आत कोंबलाच.

रात्री लिहायला बसलो. सुगरण मुद्दाम टाळली. तापी ओलांडली की असोदं, बहिणाबाईंचं माहेर. त्यांच्यानंतर खोप्यावर लिहायची आपली काय टाप? शिवाय तू पुन्हा तेच काढणार, खोपा नर विणतो, मादी नुसती पसंत करते. भर वर्गात हे बोलून सरांच्या तासाचं वाटोळं केलं होतंस. आणि तुझं बरोबर होतं, याचा मला अजून राग आहे भो. म्हणून मी केळीची पिलबाग घेतली, जुन्या खोडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलांची बाग:

पाणी कुठून ओढायचं, तुझं तू बघ
वाऱ्यात किती वाकायचं, तुझं तू शिक
घड लागला की टेकू मी देईन
असं म्हणायचं आता मी सोडलं

हिला वाचून दाखवली. म्हणते, "घड उतरला की आईचं खोड कापतात ना? मग तुमचं कधी?" त्याहून पंचाईत मळ्यातल्या गड्याने केली. काल म्हणाला, "खोड बुडातून तोडू नका, उभं राहू द्या. पिलाले त्याचंच बळ भेटतं." झालं! माझी शेवटची ओळ माझ्याच शेतात खोटी.

पण खरी अडचण वेगळीच. ही कविता तिला पाठवायची का? "तुझं तू बघ" हे सांगायला पोरीला रात्री अकराला मेसेज करायचा, म्हणजे पुन्हा मीच तिच्या दारात उभा. चिकटवतो, पुसतो. हिचं मत, पाठवू नका, ती रडेल. मला भीती ती रडणार नाही याची. मेसेजवर अंगठ्याचं चित्र टाकेल आणि कामाला लागेल.

तुझा पोरगा नाशिकला गेला तेव्हा "काही वाटत नाही" म्हणाला होतास. वहिनी म्हणाल्या होत्या, आठवडाभर धड जेवला नाहीस.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? वरचा स्लॅब टाकून झाला? शेंगांचं काय झालं?

पाठवू की नको, एवढं लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू खोटं बोलतोस.

तुझा,
बाळ्या