‘अज्ञात’ म्हणे!

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘कटिंग एज’ छायाचित्रणावरचा लेख वाचला. रात्र गेली की राग उतरेल असं वाटलं होतं. सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचला आणि तो चढलाच. लेखिकाबाई अभ्यासू आहेत, लिहितातही छान, त्याबद्दल वाद नाही. एआयने बनवलेली प्रतिमा २०२३ साली सोनीच्या जागतिक स्पर्धेत एका गटात पहिली येते आणि ती पाठवणारा बोरिस एल्डाग्सेन स्वतःच बक्षीस नाकारतो, इथवर आमच्यासारख्यालाही कळलं. पण काळा घोड्याजवळच्या त्या ‘सापडलेल्या निगेटिव्ह’च्या प्रदर्शनावर बाई ज्या गहिवरल्या आहेत, त्याबद्दल बोलणं भाग आहे. कारण ते प्रदर्शन मी पाहिलंय, आणि त्या निगेटिव्ह कोणाला सापडण्याआधी माझ्या वडिलांनी काढल्या होत्या.

लालबागला आमचा स्टुडिओ होता. गिरणीचा पगार झाला की संध्याकाळी बाकड्यावर जागा मिळायची नाही. कोणाला गावी आईकडे फोटो पाठवायचा, कोणाला सोयरिकीसाठी हवा. कोट-टाय स्टुडिओचा, कोट ढगळ म्हणून पाठीमागे चिमटे लावलेले. पायात ज्याच्या त्याच्या चपला, त्यामुळे फोटो गुडघ्यापर्यंतच. मागे पडदा : तळं, कारंजं आणि एक हंस. पेंटरने त्या हंसाची मान भलतीच वाकडी काढून ठेवली होती, म्हणून वडील गिऱ्हाइकाला नेमकं तिच्यापुढे उभं करायचे. गॅलरीत चार-चार फुटांचे प्रिंट लावलेत. त्यातल्या एका पोराचा खांदा जरासा सरकलाय आणि मागून ती मान डोकावतेय. आणखी काय पुरावा हवा?

पण खरा कहर शेजारच्या फोटोत. नऊवारीतली एक बाई, आणि तिच्या दोन्ही गालांवर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी. खाली पाटी : ‘काळाने चेहऱ्यावर उमटवलेले ओरखडे’. अहो, कसला काळ? ती शिसपेन्सिल आहे! निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं असतं, त्यामुळे देवीच्या व्रणांची सावली तिथे फिकी उतरते. तेवढ्याच जागी, भिंगातून बघत, टोकदार पेन्सिलीने रेघा भरल्या की प्रिंटमध्ये गाल साफ येतो. पोस्टकार्डाच्या आकारात या रेघा दिसत नाहीत. चार फूट मोठं केलंत तर दिसणारच. बाईचं लग्न जमावं म्हणून वडिलांनी खिडकीपाशी बसून डोळे फोडले, आणि श्रेय काळाला!

पाटीवर पुढे ‘छायाचित्रकार : अज्ञात’. प्रदर्शन मांडणारे कलावंत मात्र पुरेपूर ज्ञात, त्यांचं नाव दारापासून हातभर अक्षरात. तिथल्या मुलीला मी सगळं सांगितलं. बिचारी अगदी नम्रपणे म्हणाली, “काका, नाव नसणं हाच तर या कामाचा मुद्दा आहे.” मग दारावर आहे ते कोणाचं, विचारलं. तर म्हणे आर्टिस्टचं. किंमत ‘ऑन रिक्वेस्ट’ होती. रिक्वेस्ट केली, तरी सांगितली नाही. आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्या धांदलीत निगेटिव्हच्या ट्रंका नाहीशा झाल्या. त्या फिरत फिरत कुणाच्या हाती लागल्या असतील, तर लागोत बापड्या. पण प्रत्येक निगेटिव्हला पाकीट होतं. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, नंबर, तारीख, आणि मागे स्टुडिओचा शिक्का. तशी दोन पाकिटं तिथे काचेच्या पेटीत मांडलीत. शिक्क्याची बाजू खाली करून.

मला पैसे नकोत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचाच. तेव्हा हक्क सांगायला ती नऊवारीतली बाई यायला हवी, मी नव्हे. तिचंही नाव पाटीवर नाहीच.

आणि यात नवं ते काय? अमेरिकन कलावंत शेरी लेव्हिनने १९८१ सालीच वॉकर इव्हान्स या नामवंत छायाचित्रकाराचे फोटो कॅटलॉगवरून पुन्हा काढून आपले म्हणून लावले होते. पण तिनेसुद्धा शीर्षकातच ‘आफ्टर वॉकर इव्हान्स’ म्हटलं, एवढी लाज राखली. मालीतल्या बामाकोचा सेदू केता आमच्यासारखाच स्टुडिओवाला. पाठीमागे अंथरुणावरची चादर टांगायचा, गिऱ्हाइकाला सूट आणि घड्याळ द्यायचा. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचे फोटो ‘अज्ञात’ म्हणूनच लागले. तर आंद्रे मान्यां नावाचा फ्रेंच माणूस थेट मालीला गेला आणि केताला शोधून काढला. १९९४ साली पॅरिसला कार्तिए फाउंडेशनमध्ये त्याच्याच नावाने प्रदर्शन झालं. त्याला आफ्रिका पालथी घालावी लागली. आमच्या कलावंतांना पाकीट उलटायचं होतं फक्त.

लेखात डहाणूचा उल्लेखही नाही, हे आणखी नवल. छायाचित्रकार गौरी गिल यांच्या फोटोंवर डहाणूजवळच्या गंजाडचे राजेश वांगड वारली चित्रं काढतात, २०१३ पासून. एकाच चौकटीत कॅमेरा आणि कुंचला, आणि दोघांचीही नावं. बाईंनी खरं तर त्यावर अर्धं पान खर्च करायचं. पण ते बहुधा लोकलने जाण्याइतकं जवळ असल्यामुळे नजरेत भरत नसावं.

आता तुमच्याविषयी. वाकड्या मानेचा तो फोटो तुम्ही लेखासोबत छापलात, आणि खाली काय, तर ‘छायाचित्र सौजन्य : इंटरनेट’. इंटरनेट लालबागला कधी राहायला होतं? निदान पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापा. स्टुडिओचं नाव आणि शिक्क्याचा ठसा असलेला जुना फोटो सोबत पाठवत आहे. तो परत हवा आहे, पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे.

आपला,
एक जुना वाचक, लालबाग

ता. क. : पुरवणीतलं शब्दकोडं लेखाच्या बरोब्बर मागच्या बाजूला छापत जाऊ नका. लेख कापून ठेवायचा की कोडं सोडवायचं, यावरून दर रविवारी आमच्या घरात तंटा होतो.