जुन्या बंदुका, त्यांवरील खुणा आणि विक्रेत्याचा शब्द

महोदय,

काठमांडूच्या लगन सिलेखान्यात (शस्त्रागारात) पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेली हजारो जुनी लष्करी शस्त्रे २००३ साली इंटरनॅशनल मिलिटरी अँटिक्स आणि अटलांटा कटलरी या दोन अमेरिकी कंपन्यांनी विकत घेतली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातील ठासणीच्या बंदुका, ब्रन्सविक, एनफिल्ड आणि मार्टिनी-हेन्री या ब्रिटिश रायफली आणि खुद्द नेपाळात घडवलेल्या गहेंद्र रायफली असा तो ऐवज होता. एका देशाचा एवढा वारसा समुद्रापार गेला याची खंत मलाही वाटते. परंतु ही शस्त्रे भट्टीत न जाता त्यांची वर्गवारी झाली आणि जगभरच्या अभ्यासकांना ती हाताळता आली, हेही तितकेच खरे आहे.

जुनी शस्त्रे जमवण्याच्या छंदात सगळी मदार विक्रेत्याच्या शब्दावर असते. ‘इतकी वर्षे जुनी, अत्यंत दुर्मीळ’ असे कोणीही सांगेल. भरवशाचा विक्रेता मात्र नळी मूळची आहे की बदललेली, दस्ता कुठे दुरुस्त केला आहे, कोणता भाग नंतर बसवला आहे आणि बंदूक साफ केलेली आहे की जुन्या वंगणासकट तशीच आहे, हे न विचारता लेखी देतो. गहेंद्र रायफल बाहेरून मार्टिनी-हेन्रीसारखी दिसते, पण तिची आतली रचना वेगळी असून प्रत्येक नग हाताने जुळवलेला असल्यामुळे एकीचा भाग दुसरीत सहसा बसत नाही. तिच्यातून गोळी झाडून पाहू नये, असे जो विक्रीच्या वेळीच बजावतो, त्याच्याकडून मी डोळे मिटून खरेदी करीन.

नेपाळी शस्त्रांवरील अक्षरे आणि अंक देवनागरीत असल्यामुळे येथे मराठी माणसाचा थेट उपयोग होतो. एखाद्या नळीवर १९५३ असा आकडा असेल, तर तो इसवी सन समजणारा ग्राहक गोंधळून जातो. तो विक्रम संवत धरला की सन १८९६-९७ येतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र पुरातन मानले जाते (राज्यांचे नियम याहून कडक असू शकतात), म्हणून हा ५६-५७ वर्षांचा फरक केवळ अभ्यासापुरता राहत नाही.

नकली मालाचा धोका कायमचा आहे. खैबर खिंडीच्या परिसरात, विशेषतः पाकिस्तानातील दर्रा आदमखेल येथे, ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला बनत आल्या आहेत. व्हिक्टोरिया राणीचा मृत्यू जानेवारी १९०१ मधला. तिची मुद्रा आणि त्यानंतरचे साल एकाच बंदुकीवर दिसले, की कारागिराने ठसा न समजता उतरवला हे उघड होते. उलट्या कोरलेल्या इंग्रजी अक्षरांवरूनही असा माल ओळखता येतो. अशी नक्कल नक्कल म्हणून विकण्यात काहीच गैर नाही, तिलाही स्वतःचा इतिहास आहे. ती अस्सल म्हणून विकणारा मात्र खरेदीदाराबरोबर अभ्यासालाही फसवतो.

महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांतून परवान्यावर सांभाळलेल्या बंदुका आजही आहेत, म्हणून हे पत्र. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सूट फक्त अशा जुन्या शस्त्रांना आहे, जी दुरुस्त करूनही चालणार नाहीत. ठासणीची बंदूक केवळ जुनी म्हणून परवान्यातून सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणल्यामुळे अनेक घरांपुढे तिसऱ्या बंदुकीचा प्रश्न उभा राहिला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते. मग खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापारही परवान्याशिवाय करता येत नाही.

अशा वेळी घरातली बंदूक पॉलिश पेपरने घासून चकाकवू नये. तिच्यावरील ठसे, क्रमांक आणि अक्षरे जवळून छायाचित्रात टिपावीत, ती घरात कशी आली हे वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून ठेवावे, आणि शस्त्र परवाना शाखेत चौकशी केल्याशिवाय ती कोणाच्याही हाती देऊ नये. शस्त्रे सांभाळणाऱ्या संग्रहालयांनीही पुढे येऊन अशा कुटुंबांना लेखी सल्ला द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी (अमेरिका)